पुढचं दूध, मागचं दूध आणि मधलं घड्याळ

बाळंतिणीच्या उशाशी, डिंकाच्या लाडवांच्या डब्याशेजारी, हल्ली मोबाइलमधलं एक घड्याळ असतं. डावीकडे पाजायला घेतलं की बटण दाबायचं, उजवीकडे घेतलं की पुन्हा दाबायचं. संध्याकाळी ॲप हिशेब मांडून देतं: डावीकडे इतकी मिनिटं, उजवीकडे इतकी. हा खटाटोप कशासाठी, असं विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं. अंगावरचं दूध म्हणे दोन प्रकारचं असतं. आधी येतं ते ‘पुढचं दूध’: पातळ, निळसर, तहान भागवण्यापुरतं. मागून येतं ते ‘मागचं दूध’: घट्ट, सायीचं, अंगी लागणारं. बाळ लवकर सुटलं किंवा आईने बाजू घाईने बदलली, तर त्याच्या पोटात नुसतं पाणी जातं. मग शी हिरवी होते, पोटात वात धरतो, वजन काट्यावर हलत नाही.

ही समजूत एखाद्या आजीबाईच्या बटव्यातून आलेली नाही. ती दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यांवर आहे, आरोग्य प्रशिक्षणाच्या साहित्यात आहे आणि चांगल्या शिकलेल्या डॉक्टरांच्या तोंडीही आहे. घराघरांत तिला वेगवेगळे फाटे फुटतात. कुणी झोपी गेलेल्या बाळाचे तळवे चोळून त्याला आणखी वीस मिनिटं लावून ठेवतं. कुणी पहिल्या धारा पिळून टाकून देतं, म्हणजे बाळाला ‘थेट घट्ट’ मिळेल. कुणी दुसरी बाजू द्यायचीच नाही असं ठरवून टाकतं. आणि इतकं करूनही वजन मनासारखं वाढलं नाही, की निकाल लागतो: “तुझ्या दुधात कसच नाही गं, वरचं सुरू कर.” दोन दुधांच्या सिद्धांताचा शेवट फार वेळा पावडरच्या डब्यात होतो, म्हणून तो तपासून पाहणं भाग आहे.

आधी त्यातलं खरं काय ते मान्य करू, कारण पाया पूर्ण खोटा नाही. पाजताना आईच्या दुधात बदल होतो आणि तो लहानसहान नसतो. छाती भरलेली असताना येणाऱ्या पहिल्या घोटांत स्निग्धांश कमी असतो. स्तन रिकामा होत जातो तसा तो वाढत जाऊन दुपटी-तिपटीपर्यंत पोहोचतो. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज मात्र सुमारे सात टक्क्यांवर जवळपास स्थिर राहते. प्रथिनं एक टक्क्याच्या आसपास, तीही फारशी हलत नाहीत. बदलते ती मुख्यतः चरबी, आणि तिच्या सोबतीने चरबीत विरघळणारी अ आणि ई ही जीवनसत्त्वं.

हे का होतं? स्तनात दुधाची टाकी नसते. बारीक पिशव्यांच्या घोसांत दूध तयार होतं आणि तिथेच साठतं. बाळ चोखू लागलं की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात उतरतं, पिशव्यांभोवतालच्या पेशी आकसतात आणि दूध नलिकांत ढकललं जातं. यालाच आपण पान्हा येणं म्हणतो. एका पाजण्यात तो एकाहून अधिक वेळा येतो; आईला मात्र बहुधा पहिलाच जाणवतो. आता दुधातली चरबी बारीक गोलकांच्या रूपात असते. हे गोलक एकमेकांना आणि पिशव्यांच्या भिंतींना चिकटून राहतात, तर पाणीदार भाग आधी वाहून जातो. पान्ह्यागणिक पिशवी पिळली जाते तसे अडकलेले गोलक सुटू लागतात. जपानमध्ये मिझुनो आणि सहकाऱ्यांनी २००९ साली हे गोलक मोजून पाहिले. शेवटच्या दुधात गोलकांची संख्या वाढलेली होती; आकार मोठा झाल्यामुळे चरबी वाढली, असं नव्हतं. दूध तेच, त्यात उतरणारे गोलक मात्र अधिक.

खंडनाची सुरुवात इथूनच होते. स्तन दोन प्रकारचं दूध बनवत नाही. पातळ संपून घट्ट सुरू झालं असं सांगता येईल अशी रेघ कुठेही नाही. आठव्या मिनिटाला नाही, दहाव्या नाही, पंधराव्याही नाही. चढ आहे, पायरी नाही. आणि हा चढ मिनिटांवर अवलंबून नसून स्तन किती भरलेला आहे यावर अवलंबून आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात पीटर हार्टमन यांच्या गटाने हे नेटाने मोजलं. डेली आणि सहकाऱ्यांचा १९९३ सालचा निबंध याच गटाचा. त्याचा निष्कर्ष असा, की दुधातल्या चरबीचं कमीजास्त होणं स्तन किती रिकामा झाला आहे यावरून उलगडतं.

या एका वाक्यातून पुष्कळ काही निघतं. रात्री बाळ पाच तास झोपलं आणि पहाटे उठून प्यायला लागलं, तर छाती दाटलेली असते. त्या वेळचं दूध भरपूर, पण तुलनेने पातळ. तेच बाळ संध्याकाळी तासातासाला पदराखाली शिरतं. तेव्हा स्तन अर्धामुर्धा रिकामाच असतो, त्यामुळे पहिल्याच घोटाला चरबी अधिक असते. संध्याकाळचं ‘पुढचं दूध’ पहाटेच्या ‘मागच्या दुधा’पेक्षा घट्ट असू शकतं. ज्या नावांचा अर्थ दिवसातून दोनदा उलटा होतो, त्यांच्यावर सल्ला कसा बेतायचा? शिवाय अनेक आयांना नेमकं संध्याकाळी वाटतं की दूध आटलं. छाती मऊ पडलेली असते, बाळ किरकिरं असतं, सासूबाईंचा चेहरा काळजीचा असतो. त्या वेळी दूध थोडं कमी उतरतं हे खरं. पण जे उतरतं ते दिवसातलं सर्वांत कसदार असतं.

हार्टमन यांच्याच गटातल्या जॅकी केंट आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ‘पेडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या वादातला सगळ्यात उपयोगी पुरावा आहे. एक ते सहा महिन्यांची, केवळ अंगावर पिणारी, वजन नीट वाढणारी ७१ बाळं. प्रत्येकाच्या पाजण्याचं चोवीस तासांचं मोजमाप. बाळं दिवसातून सरासरी ११ वेळा पीत होती. पण कुणी सहाच वेळा, तर कुणी अठरा वेळा. दिवसभरात दूध सरासरी ७८८ ग्रॅम. चरबी लिटरला सरासरी ४१ ग्रॅम, तीही एका आईची २२, तर दुसरीची ६१. स्तनात असलेल्या दुधापैकी बाळ एका वेळी सरासरी दोन-तृतीयांशच पीत होतं; तळ गाठेपर्यंत पिणं हा नियम नव्हता. आणि मुद्द्याची गोष्ट ही, की कितीदा पाजलं याचा दिवसभराच्या चरबीशी संबंध लागला नाही. सहा वेळा भरपेट पिणारं बाळ आणि अठरा वेळा थोडंथोडं पिणारं बाळ, दोघांच्याही दुधाचा कस आपापल्या जागी ठीक होता. सरासरी धरून गुणाकार केला तर दिवसाला सुमारे तीस ग्रॅम चरबी बाळाच्या पोटात जाते. त्याला मिळणाऱ्या ऊर्जेचा जवळपास अर्धा भाग तिच्यातून येतो. हे तीस ग्रॅम सहा हप्त्यांत आले की अठरा, याची फिकीर बाळाच्या पोटाला नाही.

मग हा सिद्धांत आला कुठून? त्याचा उगम शोधताना एक उफराटा प्रकार हाती लागतो.

१९७५ साली ‘लॅन्सेट’मध्ये बार्बरा हॉल यांनी एक मोहक कल्पना मांडली. पाजण्याच्या शेवटी दूध घट्ट होतं, हा बाळाला ‘आता पुरे’ म्हणणारा इशारा असावा. बाटलीतलं दूध पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं असतं, म्हणून बाटलीवरचं बाळ गरजेपेक्षा जास्त पीत असावं. स्तनपानाच्या पुरस्कर्त्यांना ही कल्पना आवडली नसती तरच नवल. पण पाचच वर्षांनी, १९८० साली, वुलरिज, बॉम आणि ड्रुएट यांनी ती तपासली. पाजणं चालू असताना मधूनच दुधातली चरबी बदलून पाहिली, तर बाळांचं चोखणं थांबलं नाही. कल्पना सुंदर असली तरी बाळांनी ती मनावर घेतली नाही. आपल्या बाजूची म्हणून एखादी गोष्ट न तपासता स्वीकारायची नसते, याचा हा चांगला नमुना आहे.

याच मायकेल वुलरिज यांनी ऑक्सफर्डच्या अनुभवी सुईण क्लोई फिशर यांच्याबरोबर १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये दुसरा निबंध लिहिला. आजच्या ‘पुढचं-मागचं असंतुलन’ या निदानाची गंगोत्री ती. काही बाळं सतत रडत होती, पोट फुगलेलं, शी पातळ आणि फसफसणारी. निबंधकारांनी पाहिलं, तर आया ठरलेल्या मिनिटांनी बाळाला एका बाजूने काढून दुसऱ्या बाजूला लावत होत्या. दोन्हीकडचं फक्त वरवरचं दूध पिऊन बाळाचं पोट भरत होतं: आकारमान पुष्कळ, चरबी कमी. चरबी कमी म्हणून पोट लवकर रिकामं होतं आणि लॅक्टोजचा लोंढा आतड्यात एकदम उतरतो, असं त्यांचं अनुमान. उपाय काय सांगितला? घड्याळ बाजूला ठेवा, पहिली बाजू बाळाला त्याच्या मनाने सोडू द्या, मग दुसरी विचारा. म्हणजे आरोप घड्याळावर होता. लोकांनी त्यातून घेतलं ते आणखी एक घड्याळ! पूर्वी दहा मिनिटांनी बाजू बदला म्हणत, आता वीस मिनिटांच्या आत बदलू नका म्हणू लागले.

हा निबंध मोजक्या बाळांवरचा होता आणि त्यातलं कार्यकारण हे अनुमान होतं. ते अनुमान पुढे तपासायचं काम वुलरिज यांनी स्वतःच केलं. १९९० साली त्यांनी इन्ग्रम आणि बॉम यांच्यासह त्याच आयांना काही काळ एका वेळी एकच बाजू आणि काही काळ दोन्ही बाजू पाजायला सांगितलं. पद्धत बदलली तसं एका वेळी प्यायलेल्या दुधाचं प्रमाण बदललं, त्यातली चरबीची टक्केवारीही बदलली. पण चोवीस तासांत पोटात गेलेली एकूण चरबी जवळपास सारखीच राहिली. पातळ मिळालं तर बाळं जास्त पीत होती, घट्ट मिळालं तर कमी. म्हणजे सिद्धांताच्या जनकानेच दोन वर्षांत त्याची धार बोथट केली होती. पण पहिला निबंध तक्त्यांवर चढला, दुसरा ग्रंथालयात राहिला.

हा समज आपल्याकडे इतका चटकन रुजला, यामागे आणखी एक कारण दिसतं. ज्या घरात गोठा आहे, तिथे ‘शेवटच्या धारा’ काय चीज आहे हे कुणी सांगावं लागत नाही. कासेतलं दूध निपटून काढलं नाही तर फॅट लागत नाही, हे धार काढणाऱ्या बाईला संशोधकांच्या आधीपासून ठाऊक आहे. डेअरीवर दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे चरबी सोडून उरणाऱ्या घन भागावर, ठरतो. गाईच्या दुधाला साडेतीन-साडेआठ हा मापदंड तर शेतकऱ्याच्या तोंडपाठ असतो. सडातल्या पहिल्या धारा वेगळ्या काढण्यालाही गोठ्यात अर्थ आहे, कारण दगडीचा आजार त्यात आधी दिसतो. हा सगळा हिशेब नकळत बाळंतिणीच्या खोलीत शिरला आणि तिच्या दुधालाही फॅट लावून पाहणं सुरू झालं. पण कासेत टाकी असते, स्तनात ती नसते. शिवाय डेअरी एका वेळच्या कॅनचे पैसे देते. बाळ दिवसभराची बेरीज करतं.

तेच पातळपणाचं. आईचं दूध वाटीत काढलं की ते निळसर, पाण्यासारखं दिसतं आणि घरातल्या सगळ्यांची तोंडं उतरतात. डोळे इथे फसवतात. गाईच्या दुधात प्रथिनं तीन टक्क्यांहून अधिक असतात, आईच्या दुधात एक टक्क्याच्या आसपास. दुधाचा दाट पांढरेपणा बऱ्याच अंशी केसीन या प्रथिनाचा असतो. वासरू दोन महिन्यांच्या आत जन्मवजन दुप्पट करतं; माणसाच्या पिलाला त्यासाठी साधारण पाच महिने लागतात. इतक्या केसीनची त्याला गरजच नाही. चरबी पाहिली तर पर्थच्या आयांची सरासरी चार टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे गाईच्या साडेतीनच्या मापदंडापेक्षा जास्तच. साखर तर दीडपटीच्या आसपास. पातळ दिसणारं दूध कसाला कमी नसतं, ते केसीनला कमी असतं.

बाळंतिणीला तूप घातलं की दुधात तूप उतरतं, हाही याच मालिकेतला समज. आईच्या आहारामुळे दुधातल्या चरबीची जात बदलते: मासे खाणारीच्या दुधात ओमेगा-३ अधिक, तळकट वनस्पती तुपाचं खाणारीच्या दुधात ट्रान्स-फॅट अधिक. एकूण चरबीचं प्रमाण मात्र त्याने फारसं हलत नाही. गाम्बियातल्या केनेबा भागात १९८०च्या सुमारास स्तनदा आयांना भरपूर पूरक आहार देऊन पाहिला गेला. दुधाचं प्रमाण वाढलं नाही. हळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू खावेत ते आईची झीज भरून निघण्यासाठी. तेवढं कारण पुरेसं आहे.

आता त्या टाकून दिल्या जाणाऱ्या पहिल्या धारांविषयी. उन्हातून, शेतातून आलेल्या बाईने आधी ‘तापलेलं’ दूध काढून टाकावं असं काही घरांत पूर्वीपासून सांगतात. आता शहरी सुशिक्षित घरांत तेच ‘लो-फॅट’ म्हणून टाकलं जातं. कारण बदललं, नासाडी तीच. या भागात लॅक्टोज आहे, प्रतिपिंडं आहेत, लॅक्टोफेरिन आहे, आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना पोसणाऱ्या शर्करा आहेत. हे सगळं दुधाच्या पाणीदार भागात असतं. आणि पाणी हेही काही कमी मोलाचं नाही. एच. पी. एस. सचदेव आणि सहकाऱ्यांनी दिल्लीच्या कडक उन्हाळ्यात फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांचा अभ्यास केला. तो १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. या बाळांना वरून पाणी देण्याची गरज नव्हती. विदर्भातल्या मे महिन्यात चार महिन्यांच्या बाळाच्या ओठांना पाण्याचा चमचा लावणाऱ्यांना हे सांगितलं पाहिजे. ज्या ‘पाणचट’ दुधाला ते नावं ठेवतात, तेच बाळाचं पाणी आहे.

यावर एक आक्षेप असा येतो की तो झटकून टाकता येत नाही. आदिवासी पाड्यांवर आणि शहरी वस्त्यांत कुपोषणावर काम करणारी माणसं सांगतात: तुमचे आकडे पर्थचे, आमच्याकडची आई चार घोट पाजून बाजू बदलते, बाळाचं वजन अडतं, एक बाजू पूर्ण पाजायला शिकवलं की वजन वाढायला लागतं. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांनी पाहिलं ते खरंच असणार. प्रश्न आहे तो कारणाचा. एखाद्या आईला बाळ नीट लावायला शिकवतात, तेव्हा नुसती वेळ वाढत नाही. बाळाचं तोंड मोठं उघडतं, बोंडाबरोबर भोवतालचा काळा भागही तोंडात जातो, वेदना थांबतात आणि दूध खरोखर निघू लागतं. दूध जितकं निघेल तितकं पुढचं अधिक बनतं, कारण साठून राहिलेलं दूधच पुढच्या निर्मितीला आवर घालतं. वजन वाढतं ते एकूण दूध वाढल्यामुळे. त्यात चरबीचाही वाटा आहे, कारण स्तन अधिक रिकामा होतो. पण श्रेय ‘मागच्या दुधाला’ दिलं की पुढची चूक ठरलेली: आधीच दूध कमी असलेल्या आईला ‘एकच बाजू दे’ असं सांगितलं जातं, दुसरी बाजू दाटून राहते, तिथलं दूध कमी होत जातं. वजन अडलेल्या बाळाला दोन्ही बाजू हव्यात, गरज पडली तर पुन्हा पहिलीही. एका बाजूवर अडवून धरणं हा अति दूध येणाऱ्या आईचा उपाय आहे, तोही जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली.

हिरव्या शीचंही असंच. अति दूध येणाऱ्या आईचं बाळ भरल्या छातीचं भरपूर दूध गटागटा पितं आणि त्याची शी हिरवी, फेसाळ होऊ शकते. वुलरिज-फिशर यांचं निरीक्षण अशा बाळांना आजही लागू पडतं. पण ते बाळ सहसा वजनाला गुटगुटीत असतं. वजनही अडलं असेल तर चौकशी दुसऱ्या दिशेने करावी लागते: दूधच कमी जात आहे का, जंतुसंसर्ग आहे का, गाईच्या दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी आहे का, लोहाचे थेंब चालू आहेत का. शी हिरवी दिसली की ‘मागचं दूध मिळत नाही’ म्हणणं म्हणजे ही सगळी चौकशी टाळणं.

मागच्या दुधाला खरा मान कुठे असेल, तर तो नवजात अतिदक्षता विभागात. दीड किलोच्या, नळीने दूध घेणाऱ्या बाळाला दिवसाला किती मिलिलिटर द्यायचं यावर मर्यादा असते. तिथे बाळ ‘पातळ मिळालं तर जास्त पिईन’ असं करू शकत नाही, आकारमान डॉक्टर ठरवतात. म्हणून तेवढ्याच आकारमानात ऊर्जा वाढवायला शेवटचं दूध कामी येतं. अमेरिकेत व्हॅलेंटाइन, हर्स्ट आणि शॅन्लर यांनी १९९४ साली, आणि पुढे नायजेरियात टीना स्लशर यांच्या गटाने २००३ साली, कमी वजनाच्या बाळांवर हे करून पाहिलं आणि वजन चांगलं वाढलेलं दिसलं. आई पहिली काही मिनिटं एका भांड्यात दूध काढते, उरलेलं दुसऱ्या भांड्यात. दुसरं बाळाला देतात, पहिलं गोठवून ठेवतात. फेकत नाहीत. अट एवढीच की आईचं दूध बाळाच्या त्या वेळच्या गरजेहून अधिक असावं. अशा बाळांना लागणारी जादा प्रथिनं आणि कॅल्शियम मात्र यातून मिळत नाहीत, ती वेगळी द्यावी लागतात. चरबी मोजायलाही मोठं यंत्र लागत नाही. १९७८ साली ल्युकस आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की केसासारख्या बारीक काचनळीत दूध भरून ते गरगर फिरवलं की वर जमलेल्या सायीच्या थराची लांबी मोजून ऊर्जा काढता येते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मानवी दुधाची पेढी सुरू केली. ती देशातली पहिली. नवजात अतिदक्षता विभागांत दुधातली चरबी हा खरोखरचा, मोजण्याजोगा प्रश्न असतो. घरी पूर्ण दिवसांच्या, हातपाय झाडत पिणाऱ्या बाळाला त्या विभागाचा नियम लावणं हीच गफलत आहे.

मग मंडन कशाचं? बाळाच्या अधिकाराचं. न्यूझीलंडच्या ट्रूबी किंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दर चार तासांनी पाजा, रात्री पाजूच नका, अशी लष्करी शिस्त घालून दिली. इंग्रजी बालसंगोपनाच्या पुस्तकांतून ती जगभर गेली आणि अनेक पिढ्या तिच्याखाली वाढल्या. त्या शिस्तीला शास्त्राचा आधार नव्हता. आज तिची जागा चरबीच्या नावाने घड्याळ लावणाऱ्या शिस्तीने घेतली आहे, एवढाच फरक. पहिली बाजू बाळाला सोडू द्यावी, मग दुसरी विचारावी, हा जुना सल्ला आजही उत्तम आहे. तो ‘दुसऱ्या प्रकारच्या दुधा’साठी नव्हे, तर किती प्यायचं हे बाळाला कळतं म्हणून. तीन महिन्यांचं तरबेज बाळ पाच मिनिटांत उरकून हसत बसलं, तर त्याला परत लावण्याची गरज नाही. पंधरा दिवसांचं बाळ चाळीस मिनिटं तोंडात धरून नुसतंच पेंगत असेल, तर त्या चाळीस मिनिटांना अर्थ नाही.

मोजायचंच असेल तर मोजण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे, आणि त्याची व्यवस्था महाराष्ट्रातूनच देशभर गेली आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि २०११ पासून देशातल्या आशा आरोग्यसेविका याच धर्तीवर घरभेटी देतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई येते, तिच्याजवळ काटा असतो. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत येतं, पुढे दिवसाला वीस-तीस ग्रॅमने वाढतं. चौदाव्या दिवशी काटा जन्मवजनाच्या खाली असेल तर तिने आईला “किती मिनिटं पाजतेस?” असं विचारू नये, समोर बसवून एकदा पाजायला सांगावं. हनुवटी छातीला टेकली आहे का, गिळण्याचा आवाज येतो का, चोवीस तासांत किमान सहा दुपटी ओली होतात का, रात्री पाजणं होतं का, हे पाहावं. लावणं सुधारूनही वजन हललं नाही तर डॉक्टरकडे पाठवावं. आणि वाटी-चमच्याने पूरक दूध द्यायची वेळ आलीच, तर पहिला मान आईच्याच काढलेल्या दुधाचा असतो; ते काढताना पहिल्या धाराही त्याच वाटीत घ्यायच्या.